खोक्याची जन्मतारीख

महाराष्ट्रात हल्ली 'मी एक खोका घेतला' असं चारचौघांत बोलायची सोय राहिलेली नाही. ऐकणारा आधी दचकतो, मग आदराने बघतो आणि शेवटी हळूच विचारतो, 'कुठल्या गटात गेलात?' म्हणून आधीच सांगून टाकतो. माझा खोका लाकडाचा आहे. सोडावॉटरच्या बाटल्या ने-आण करायचा, 24 खणांचा आणि रिकामा. 1200 रुपयांना घेतला.

पुण्याचा जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो. तिथे चालू वस्तू 'जपानी' असते आणि बंद पडलेली 'ब्रिटिश टायमाची'. खोका बंदही पडत नाही आणि चालूही होत नाही, त्यामुळे विक्रेत्याला जरा विचार करावा लागला.

"ब्रिटिश टायमाचा आहे साहेब."

"कशावरून?"

"मग पानशेतचा घ्या. पुरात वाहून आलेला."

पानशेत फुटलं 12 जुलै 1961 ला. म्हणजे एका प्रश्नासरशी गृहस्थ निदान 14 वर्षं खाली आला. आणखी एक प्रश्न विचारला असता तर खोका गेल्या दिवाळीचा निघाला असता. मी विचारला नाही. "नक्की किती जुना?" एवढंच म्हणालो, तर त्याने घासाघीस करणाऱ्या गिऱ्हाइकाकडे बघावं तसं बघितलं आणि म्हणाला, "तुम्ही म्हणाल तितका."

घरी आल्यावर हिने खोक्याकडे पाहिलं नाही, खोक्याच्या आत पाहिलं. बायका वस्तूचं वय बघत नाहीत, माप बघतात.

"कांदे-बटाट्यांना छान होईल. फक्त या मधल्या फळ्या काढाव्या लागतील. रविवारी सुतार येतोय बाथरूमच्या दारासाठी, त्यालाच सांगते."

मधल्या फळ्या काढायच्या! खोक्याचा जीवच त्या फळ्यांत असतो. त्या काढल्या की उरते नुसती पेटी. मी म्हणालो, "अगं, ही पुरातन वस्तू आहे." ही म्हणाली, "रविवारपर्यंत सिद्ध करा."

झालं. मला सहा दिवस मिळाले.

*

पहिल्या दिवशी मी खोका टेरेसमधल्या उजेडात ठेवला आणि भिंग घेऊन बसलो. अंगाने आंब्याच्या लाकडाचा असावा. लांबीला सहा खण, रुंदीला चार. दोन्ही टोकांना हात घालायला खाचा. कोपऱ्यांवर पत्र्याच्या पट्ट्या. एका टोकाच्या फळीवर लाल रंगात इंग्रजी अक्षरं छापलेली, पण पहिला अर्धा भाग उडालेला. उरलं होतं ते '...रेटेड वॉटर्स' आणि खाली 'पूना-2'. कंपनीचं नाव काळाने खाल्लेलं.

माझे मेहुणे तेव्हाच आले. मेहुणे इंजिनियर आहेत, त्यामुळे कुठलीही गोष्ट त्यांना दिसण्याआधीच कळलेली असते. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवून वाचलं आणि म्हणाले, "भाऊजी, ओव्हररेटेड वॉटर्स असणार."

ते 'एरेटेड वॉटर्स' आहे हे मी त्यांना शांतपणे सांगितलं. वायू भरलेलं पाणी. आपल्याकडे हा धंदा पारशी आणि इराणी मंडळींनी वाढवला. मुंबईत पालनजींचा सोडा 1865 पासून. ड्यूक्स 1889 पासून, आणि ते नाव कुठल्या ड्यूकवरून नसून क्रिकेटच्या ड्यूक चेंडूवरून, कारण संस्थापक पांडोल स्वतः क्रिकेटवाले. पुण्याच्या लष्करात आर्देशर 1884 पासून. गोऱ्या सोल्जरला व्हिस्कीत घालायला सोडा लागायचा आणि आपल्याला अपचनावर. साम्राज्य गेलं, अपचन राहिलं, म्हणून धंदा टिकला.

हे सगळं ऐकून मेहुणे म्हणाले, "पण हा कितीचा?"

तिथे माझी गाडी अडली. आणि तेवढ्यात 'पूना-2' मधल्या त्या दोनावर नजर गेली. त्या दोनाने माझी झोप उडवली.

पिन कोड आला 15 ऑगस्ट 1972 ला. त्याआधी मोठ्या शहरांत नुसता विभागाचा आकडा लिहायचे: डेक्कन जिमखाना, पूना-4. मुंबई-28. पुढे त्याच आकड्याच्या मागे 4110 किंवा 4000 लागलं आणि पोस्टमनची आठवण आकड्यांत गेली. म्हणजे 'पूना-2' छापणारा खोका 1972 च्या आधीचा. 1972 म्हटलं की महाराष्ट्राला दुष्काळ आठवतो. मला यापुढे खोका आठवणार.

मी आनंदाने आत जाऊन सांगितलं. ही म्हणाली, "म्हणजे पुरातन?" आता इथे एक अडचण होती. त्याच 1972 साली आपल्याकडे पुरावस्तूंचा कायदाही झाला, आणि त्या कायद्यात पुरावस्तू व्हायला निदान 100 वर्षं लागतात. हस्तलिखिताला 75 चालतात. खोक्याला सवलत नाही, जरी त्याच्यावर हाताने काही लिहिलेलं असलं तरी. हे मी हिला सांगितलं नाही. हिने मेहुण्यांना विचारलं, आणि मेहुण्यांनी सांगितलं. मेहुणे कायमच हिच्या बाजूने असतात. नातंच तसं आहे.

*

भिंगातून एक दिवस पाहत राहिलं की कळतं, खोक्याचं वय मोठ्या अक्षरांत लिहिलेलं नसतं. 'स्थापना 1890' असं ठसठशीत छापलेलं असलं तर तो कंपनीचा जन्म, खोक्याचा नव्हे. आमच्या कोपऱ्यावरच्या फरसाणवाल्याच्या पिशवीवरही 1948 छापलेलं असतं आणि पिशवी कालची असते. वय सापडतं ते किरकोळीत. कुठे अनामत रक्कम आण्यांत लिहिलेली सापडली तर खोका 1957 च्या आधीचा. 'नवे पैसे' असतील तर 1957 ते 1964 च्या मधला, कारण 1964 मध्ये पैसा 'नवा' राहिला नाही, नुसता पैसा झाला. औंस असतील तर जुना, मिलिलिटर असतील तर अलीकडचा. फोन नंबर असला तर अंक मोजायचे. जितके कमी तितका खोका म्हातारा. माझ्या खोक्यावर पैशाचा उल्लेख कुठेच नव्हता, पुण्यातला असून.

मी स्वतः नव्या पैशाच्या साली जन्मलो. तेव्हा खोका 1972 च्या आधीचा असला तरी माझ्याहून लहान असण्याची दाट शक्यता होती. ज्याला मी दोन्ही हातांनी जपून उचलत होतो, तो मला 'काका' म्हणाला असता. मी भिंग खाली ठेवलं आणि चहा मागवला.

*

तिसऱ्या दिवशी अटलांटाहून भाचीचा व्हिडिओ कॉल आला. तिच्या दिवाणखान्यातही एक खोका आहे हे मला ठाऊक होतं, कारण तो तिने भिंतीवर टांगलाय. आपल्याकडे भिंतीवर आजोबा टांगतात.

"मामा, तुझा कुठल्या सालचा?"

"शोध चालू आहे."

"शोध कसला? कडेला बघ ना. छापलेलं असतं."

तिने फोन भिंतीजवळ नेला. पिवळाधमक खोका, त्यावर लाल अक्षरांत 'ड्रिंक कोका-कोला', आणि अरुंद कडेवर, बोटाएवढ्या जागेत, गावाचं नाव आणि 1967. बस. जन्मगाव आणि साल. जन्मदाखला अंगावर गोंदवून घेतलेला. मला त्या खोक्याचा हेवा वाटला. माझ्या शाळेच्या दाखल्यावर 1 जून आहे. माझ्या वर्गातल्या अकरा मुलांच्या दाखल्यावर 1 जून आहे. हेडमास्तरांनी एका बैठकीत आम्हा सगळ्यांना जन्म दिला. अशा देशातल्या खोक्याने कडेवर साल छापून घ्यावं ही अपेक्षाच उद्धट आहे.

पण अमेरिकेतही सगळ्याच खोक्यांवर साल नसतं, आणि मग तिथल्या लोकांनाही भिंग घ्यावं लागतं हे ऐकून बरं वाटलं. भाची त्यात मुरलेली आहे. तिच्या म्हणण्याप्रमाणे पेप्सीच्या खोक्यावर 'पेप्सी' आणि 'कोला' यांच्या मधे दोन आडव्या रेघा दिसल्या तर तो साधारण 1950 च्या आधीचा. नंतर एकच रेघ उरली. डॉक्टर पेपरच्या नावात 'डॉ' पुढे टिंब असलं तर जुना, कारण 1950 च्या दशकात त्यांनी ते टिंब काढून टाकलं. (आपल्याकडे टिंब काढलं तर डॉक्टर फी वाढवेल.) पत्त्यात पाच आकडी झिप कोड असला तर 1963 नंतरचा. कोका-कोलाच्या नावाभोवती माशाच्या शेपटीसारखा आकार असला तर 1958 नंतरचा. नावाखाली पांढरी लाट वळण घेत गेली असेल तर 1969 नंतरचा, आणि तोपर्यंत प्लास्टिकचे खोके येऊ घातलेच होते. खिळ्याचं अंग चौकोनी असलं तर एकोणिसाव्या शतकातला. तारेचा गोल खिळा असेल तर त्यानंतरचा. एक टिंब, एक रेघ, एक खिळा. मला वाटलं, या देशात आमच्या व्याकरणाच्या बाईंना पीएचडी मिळाली असती.

"आणि मामा," ती म्हणाली, "हे सगळं इथूनच सुरू झालं माहितेय? 1899 मध्ये चट्टानुगाच्या दोन वकिलांनी कोका-कोला बाटलीत भरायचे हक्क एका डॉलरला घेतले. आणि तो डॉलरही म्हणे कुणी मागितलाच नाही."

हे मात्र मला पटलं नाही. एक डॉलर का होईना, पुण्यात कुणी सोडला नसता.

फोन ठेवल्यावर मी आपल्याकडच्या खोक्यांचा विचार केला, आणि एक गोष्ट लख्ख दिसली. अमेरिकेत खोक्याचं वय कंपनीच्या रेघांवरून ठरतं, आपल्याकडे सरकारवरून. भारतात कोका-कोला 1950 मध्ये आलं. 1977 मध्ये जनता पक्षाच्या राजवटीत, जॉर्ज फर्नांडिस उद्योगमंत्री असताना, परकीय चलनाच्या कायद्यापायी गेलं. 1993 मध्ये परत आलं. तेव्हा आपल्याकडे कोका-कोलाचा लाकडी खोका दिसला तर मधली 16 वर्षं सरळ वगळायची. 'डबल सेव्हन' असं काही दिसलं तर ते सरकारने काढलेलं पेय. नावातच साल, जन्मदाखला झाला. 'लेहर पेप्सी' दिसलं तर 1990 च्या पुढचं, कारण परदेशी नावाला देशी शेपूट जोडल्याशिवाय आत यायला परवानगी नव्हती. आमच्याकडे सुनेचं नाव बदलतात तसंच. आणि 'बॉम्बे'चं 'मुंबई' 1995 मध्ये, 'पूना'चं 'पुणे' सत्तरीच्या दशकाच्या अखेरीस. सरकार बदललं की पाटी बदलते. पाटी बदलली की खोका बदलतो. असा एखादा खोका म्हणजे निवडणूक आयोगाचा गॅझेटच.

*

चौथ्या दिवशी सकाळी मुंग्या आल्या.

टेरेसच्या कोपऱ्यातून एक रांग निघाली होती, सरळ, शिस्तीत, पालखीला निघाल्यासारखी, आणि ती खोक्यात शिरत होती. साखरेचा डबा स्वयंपाकघरात, मुंग्या टेरेसमध्ये. मी आधी वाटून घेतलं की पन्नास वर्षांपूर्वी सांडलेल्या रासबेरीचा हा वास असणार. रोमांच उभे राहिले. मुंग्यांना ते कळलं, मला नाही कळलं! मी हिला हाक मारली.

हिने बोट ओलं केलं, फळीवरून फिरवलं, नाकाशी नेलं.

"चहा आहे हा."

"चहा?"

"पावडर जास्त उकळलेला. आणि साखर घातलेला."

मग उलगडा झाला. नवं लाकूड जुनं दिसावं म्हणून त्यावर चहा फासतात. कुणी व्हिनेगरमध्ये तारेची घासणी भिजवून ते पाणी लावतो. लाकूड करडं पडतं. हे जगभर करतात, भाचीनेही सांगितलं होतं. पण कोरा चहा लावायचा असतो. आमच्या विक्रेत्याने टपरीवरचा उरलेला चहा लावला होता. त्याच्या कलेत माणुसकी होती, तंत्र नव्हतं.

"पण सगळ्या खोक्याला नाही," ही म्हणाली. "एवढ्या दोन फळ्यांनाच आहे."

हे तिने काही शोध म्हणून सांगितलं नव्हतं. ती ओला कपडा आणि घासणी घेऊन आली आणि जे करायची माझी चार दिवस हिंमत झाली नव्हती ते तिने पाच मिनिटांत केलं. खोका धुतला. चहा उतरला, मुंग्या उतरल्या आणि दुसऱ्या टोकाच्या फळीवरचा काळा थरही उतरला. त्याखाली अक्षरं होती. निळी.

'पुणे 411 002.'

म्हणजे खोका डावीकडून पाहिला तर साठीच्या दशकातला आणि उजवीकडून पाहिला तर ऐंशीच्या. मधे 24 खण. मी दोन्ही टोकं पुन्हा पुन्हा फिरवून पाहिली. मेहुण्यांना बोलावलं, तर त्यांनी कोपऱ्यातला एक स्क्रू दाखवला. चौफुली डोक्याचा.

"भाऊजी, हा स्टार स्क्रू आहे. हे अमेरिकेतच 1930 च्या दशकात आले. आपल्याकडे माझ्या लहानपणी सुताराच्या पिशवीत चपटाच पेचकस असायचा. म्हणजे हा खोका तर..." आणि त्यांनी हात हवेत फिरवला. त्या हाताचा अर्थ 'मागचा पावसाळा' असा होता.

*

आळीत अण्णा राहतात. अण्णा आयुष्यभर एका सोड्याच्या कारखान्यात होते. बाटलीत काय भरतात याच्याशी त्यांचा संबंध नव्हता. परत येणाऱ्या रिकाम्या बाटल्या आणि खोके मोजून घ्यायचं काम त्यांच्याकडे. चाळीस वर्षं त्यांनी फक्त रिकामं मोजलं. निवृत्तीनंतर ते ज्या शांतपणे बाकावर बसतात त्याचं रहस्य मला तिथेच वाटतं.

मी त्यांना शनिवारी घरी आणलं. येताना मी त्यांना दोन फळ्या, चहा, मुंग्या, स्क्रू, सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. मग ज्या अक्षरांवर मी आठवडाभर डोळे फोडले होते, त्यांच्याकडे ढुंकूनही न बघता खोका उलटा केला आणि बुडाच्या पट्ट्यांवर टिचकी मारली.

"बूड आधी कुजतं," ते म्हणाले. "बाटल्या ओल्या येतात. ट्रकमधून क्लीनर फेकतो. खालचा झेलतो. झेललाच तर. सोळा खोके एकावर एक रचतात, सगळ्यात खालचा रडतो. रोज पाच-पंचवीस मोडके यायचे. शेडमध्ये एक सुतार कायम बसलेला. त्याचं काम हेच. याचं टोक बरं असलं तर त्याला लाव. त्याचं बूड बरं असलं तर याला लाव. नवीन खोका वर्षाकाठी येणार तेवढाच यायचा. बाकी सगळे असेच चालायचे."

मग त्यांनी खोका सुलटा केला, एका खणात हात घातला आणि बुडावर बोट फिरवलं. मी वाकून पाहिलं. लाकडावर एक गोल वळ होता, बांगडी दाबून ठेवल्यासारखा. बाटलीच्या बुडाचा. खणाखणात एकेक. काही खोल, काही पुसट, आणि दोन खणांत अजिबात नाही, कारण तिथली पट्टी नंतरची होती. ठोकताना खालच्या फळीचा एक टवका उडालेला, त्यात काचेचा हिरवट कण अडकून बसलेला. आठवडाभर मी या खोक्याला भिंग लावून बसलो होतो आणि एकदाही आत हात घातला नव्हता.

"गोटीचा नाही," अण्णा म्हणाले. "गोटीची बाटली जाड काचेची, अंगाने ढब्बू. ती या खणात अडकली असती. हा पत्र्याच्या झाकणाच्या बाटलीचा."

गोटी म्हटल्यावर मी बाजूला गेलो, मनाने. हिराम कॉड नावाच्या इंग्रजाने 1870 च्या सुमारास ती बाटली काढली. सोडा भरताना बाटली उलटी धरायची. गोटी गळ्याशी येते, आतला वायू तिला वरच्या रबरी कड्यावर दाबून धरतो, की झालं बूच. बाहेरून काही लागत नाही. बाटली स्वतःच्याच दमाने स्वतःचं तोंड बंद ठेवते. सासऱ्यांसमोरचा जावई म्हणा. पुढे 1892 मध्ये बाल्टिमोरच्या विल्यम पेंटरने पत्र्याचं नागमोडी झाकण काढलं आणि जगात बहुतेक ठिकाणी गोटी संपली. आपल्याकडे मात्र राहिली. आमच्या इराण्याच्या हॉटेलामागच्या बोळात दोन्ही प्रकारचे खोके रचलेले असायचे. सोड्याची गाडी दगडी रस्त्यावरून आली की खणाखणातून जी खणखण निघायची ती दोन गल्ल्या आधी ऐकू यायची. गोटीची बाटली फुटली की काचेकडे कुणी बघायचं नाही, गोटीकडे सहा हात जायचे. आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत त्या ढिगातला एक खोका आमच्या गल्लीत स्टंप म्हणून उभा असायचा. त्या खोक्याची खुबी अशी की चेंडू खणातून आरपार गेला तर आवाज होत नसे, आणि मग तो आउट की नॉटआउट यावर संध्याकाळ जायची.

तो खोका कुणी विकत घेतलेला नव्हता. कुणाचाच नसतो. सोडा विकायचा, बाटली आणि खोका परत घ्यायचा, अशीच रीत. म्हणजे आज जगात जिथे जिथे भिंतीवर जुना खोका टांगलाय, तिथे तिथे कुणीतरी, कधीतरी, तो परत करायचा राहिलेला आहे. अटलांटातल्या भाचीला हे सांगितलं पाहिजे.

अण्णा माझ्याकडे बघत होते. मी परत आलो.

"अण्णा, मग हा नक्की कितीचा?"

"कुठली फळी?" अण्णा म्हणाले.

*

रविवारी सुतार आला. बाथरूमचं दार त्याने अर्ध्या तासात घासून बसवलं. मग हिने त्याला खोका दाखवला आणि मधल्या फळ्यांचं सांगितलं. मी दारात उभा होतो. माझ्याकडे पुरावा म्हणावा असं काही नव्हतं. डावं टोक, उजवं टोक आणि मधे चहा.

सुताराने खोका उचलला. त्याने तो उलटा केला आणि बुडावर टिचकी मारली. तीच टिचकी.

"मधलं काढू नका ताई. त्याच्यावरच उभा आहे तो. काढलं तर कांद्याच्या वजनाने फाकेल. बूड गेलंय दोन जागी, तेवढं मारून देतो."

पिशवीतून त्याने दाराचीच उरलेली पट्टी काढली, मापाला कापली आणि बुडाला दोन नवे खिळे मारले. मग खोका सुलटा ठेवून तळहाताने दाबून पाहिला. हलला नाही. तेवढ्यात मला काय वाटलं कुणास ठाऊक, मी म्हणालो, "त्या नव्या पट्टीवर आजची तारीख लिहून द्याल का?"

"तारीख कशाला?"

"पुढे कुणाला लागली तर."

त्याने कानामागची पेन्सिल काढली, पट्टीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं.

"पुन्हा काही निघालं तर मलाच फोन करा," असं म्हणून त्याने आपला नंबर लिहिला. मी वाकून अंक मोजले. दहा होते.

ही तेव्हा खणाखणात लसणाचे गड्डे ठेवत होती, खणाला एक. कांदे जुन्याच टोपलीत राहिले.